मावळतीची शीव

"उगवतीच्या गं शिवेला, तळं भरलं काठोकाठ
गाव माझं न्हातंधुतं, तिथं सोन्याची पहाट..."

हा आवाज माझ्या आत्याचा. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही अर्धवट झोपेत असले की आधी जात्याची घरघर येते आणि तिच्या मागोमाग हा आवाज, नुकत्या दळलेल्या पिठासारखा ऊन ऊन. आमच्या पानगव्हाणला चार बाजूंना चार शिवा होत्या आणि आत्याजवळ शिवेशिवेची ओवी होती. उगवतीची झाली की ती उत्तरेकडे वळायची.

"उत्तरेच्या गं शिवेला, उभी बिरोबाची टेकडी
माझ्या गावाच्या डोईला, जशी मंदील वाकडी"

मग दक्षिण.

"दक्षिणेच्या गं शिवेला, पानमळ्याची साउली
तान्ह्या लेकरावरती, जशी वाकली माउली"

चौथ्या बाजूला आलं की मात्र शब्द थांबायचे. जातं फिरत राहायचं, आत्याचे ओठ मिटलेले असायचे, आणि नुसती चाल घशातून वाहत यायची. मी एकदा विचारलं होतं, "आत्या, मावळतीची ओवी का नाही गं?"

"सापडत नाही."

"मग नवी कर की."

"ओव्या करत नसतात सुले, त्या येतात." तिनं मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडली. "ही येत नाही. ऊठ, चूल पेटव."

मावळतीला ओढा होता. ओढ्यावर फरशीचा पूल, पुलाच्या अलीकडे शेंदूर फासलेला शिवेचा दगड, आणि दगडाला लागून आमचा जकात नाका. नाक्यावर रस्त्यात आडवा बांबू, एका टोकाला धोंडा बांधलेला. पलीकडे शहर. मी लहान होते तेव्हा शहर म्हणजे दिवेलागणीनंतर माळाच्या टोकाला दिसणारी एक उजळ रेघ होती. मी सातवीला आले तोवर ती रेघ ओढ्याच्या काठावर येऊन बसली होती. वारा तिकडून असला की तिकडच्या गिरण्यांचे भोंगे आमच्या देवळाच्या घंटेत मिसळायचे.

पानगव्हाणला गाव म्हटलेलं माझ्या वडलांना, आबांना, खपत नसे. आमची स्वतःची नगरपालिका होती. स्वतःचे रस्त्यावरचे दिवे होते, स्वतःची शाळा होती, एक दवाखानाही होता. त्यात कंपाउंडर रोज यायचा आणि डॉक्टर आला तर बाजारच्या दिवशी. आबा, म्हणजे माणिकराव शेवाळे, पालिकेचे अध्यक्ष. सकाळी धोतराचा सोगा हातात धरून ते गावातून चक्कर मारत, आणि एखाद्या दिव्याची काच काळी दिसली तर स्वतः उपरण्यानं पुसत.

शहराशी त्यांचं वाकडं जुनंच, ओढ्याच्या पाण्यावरून. फार पूर्वी एकदा भांडण इतकं पेटलं की आबांनी हुकूमच काढला, शहराच्या गाडीला बांबू वर करायचा नाही, मग गाडी कुणाची का असेना. लोक तो किस्सा कौतुकानं सांगत. "असा पाहिजे अध्यक्ष!" म्हणत. तो किस्सा निघाला की आबा उठून परसात जात. स्तुती ऐकवत नाही त्यांना, असं मला वाटायचं.

आई मी नुकती चालायला लागले तेव्हाच गेली. बाळंतपणात, घरी, असं मला सांगितलेलं. मला वाढवलं आत्यानं. ती आबांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आली. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. पालिकेत एक तरी बाई सभासद घ्या असं वरून आलं, तेव्हा आबांनी तिचंच नाव घातलं. सभेला ती जायची, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसायची आणि सभा संपली की उठून यायची. तिथं ती कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी सातवीला होते त्या वैशाखात प्रश्न आला तो हाच: पानगव्हाण शहरात घालायचं की नाही. शहर म्हणत होतं नळ देतो, रस्ते देतो. सरकारनं पालिकेचं मत मागवलं होतं.

आमच्या पालिकेत अवघड गोष्टींचा कौल घ्यायची एक जुनी रीत होती. पहिल्या सभासदांत अक्षरओळख असलेले थोडे, म्हणून कुणीतरी पाडलेली. पडद्यामागे दोन ताटं. एकात हळकुंडं, एकात सुपाऱ्या. हळकुंड म्हणजे हो, सुपारी म्हणजे नाही. एकेकानं आत जायचं, एक काय ते मुठीत घ्यायचं आणि तोंडाला फडकं बांधलेल्या तांब्याच्या घागरीत सोडायचं. कुणी काय टाकलं हे घागरीला ठाऊक.

कौलाच्या आदल्या आठवड्यात नामदेव कासार आमच्या ओसरीवर बसून मला बांगड्या भरत होते. तेही पालिकेचे सभासद. दात किंचित पुढे आलेला, हसरा माणूस, आणि जिभेला धार. सकाळी पानगव्हाणच्या घरोघर फिरायचे, दुपारी ओढा ओलांडून शहरातल्या पेठेत त्यांचं इवलंसं दुकान उघडायचे. आबा झोपाळ्यावर होते. आत्या सुपात गहू पाखडत होती.

"आठ जणांनी बिरोबापुढं बेलभंडारा उचललाय," आबा म्हणाले. "तू त्यात आहेसच. आठ सुपाऱ्या पक्क्या. पलीकडं पण आठच आहेत, उघड सांगतात मेले. आपली आक्का धरून आपण नऊ. एकानं गाव राहतंय."

"आक्कांना विचारलंत का?" नामदेवकाकांनी माझी बोटं दाबत, डोळे मिचकावत विचारलं.

"तिला काय विचारायचं? तिला बेलभंडाऱ्याला पण नाही नेली. ती काय हळकुंड उचलणार आहे?"

दोघंही हसले. त्या काळी विधवेनं अख्ख्या हळकुंडाला हात लावायचा नाही, ते सवाष्णीच्या ओटीतलं. आमटीत हळदीची पूड टाकायची ते वेगळं. त्यामुळे घागरीचा कौल कधीही असो, आक्काची सुपारी सगळे आधीच मोजून ठेवत.

आत्याच्या हातातलं सूप क्षणभर थांबलं. मग पुन्हा तालात वाजू लागलं.

"नामदेवभाऊ," ती म्हणाली, "पोरीला जरा सैल भरा. हात वाढतोय तिचा."

कौलाचा दिवस एकादशीचा. ऊन असं की पालिकेच्या पत्र्यावर कावळा टेकत नव्हता. सभागृहाच्या दाराशी गावातले लोक दाटले होते, त्यांत मीही होते. पडदा म्हणून बिरोबाच्या पालखीची जुनी मखमल दोरीवर टाकली होती. एकेकजण आत जाई, कपाळ पुसत बाहेर येई. आबा गेले, ताठ मानेनं आले. मग आत्या उठली.

ती आत जरा जास्त वेळ राहिली का? आता वाटतं, राहिली. तेव्हा मला एवढंच दिसलं की ती बाहेर आली आणि तिचा उजवा हात पदराखाली गेला. तिच्यामागं नंबर नामदेवकाकांचा होता. ते मखमलीपाशी उभे होते. आत्या जवळून गेली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, पायात काही आलं असावं तसं. आणि मग आत गेले.

शेवटी आबांनी घागर पांढऱ्या कापडावर उपडी केली. पिवळं एका बाजूला, तपकिरी एका बाजूला. नुसत्या नजरेला दोन्ही ढीग सारखेच. आबांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. हळकुंडं नऊ होती.

कुणीतरी दाराशी ओरडलं, "कुणी विकलं रे गाव?"

"बेलभंडारा उचलून..."

"हात दाखवा! घामाचं ऊन आहे, हळद हाताला लागली असणारच. दाखवा हात!"

बेलभंडारा उचललेल्यांपैकी सात जणांनी तळहात पुढे केले. नामदेवकाकांची मूठ मिटलेली होती. पानमळेवाले केरबा ताम्हाणे पुढे झाले आणि त्यांनी ती उघडली. तळहातावर मधोमध पिवळा डाग.

"बांगडी पिचली सकाळी हातात," नामदेवकाका म्हणाले. "ताम्हाण्यांच्याच सुनेला भरत होतो. तिनंच हळद दाबली, रक्त थांबेना म्हणून. विचारा की घरी जाऊन."

"बायामाणसांना काय विचारायचं!" केरबा गरजले. "पेठेत दुकान आहे ह्याचं. शहर झालं की गाळा मिळणार असंल पक्का."

"हातात बांगड्या भर आता!" मागून कुणी म्हणालं.

"भरतो की. माप दे तुझं," नामदेवकाका बोलून गेले. सवयीनं. पण कुणी हसलं नाही, आणि त्यांचंही हसू मध्येच विझलं. त्यांनी मान वर केली आणि माणसांवरून नजर फिरवत आणली. ती आमच्या आत्यावर येऊन थांबली. आत्या भिंतीला टेकून उभी होती, हात पदराखाली. मला वाटलं, ते तिच्याकडे मदत मागतायत. अध्यक्षांची बहीण, एक शब्द बोलली तर ऐकतील. आत्याचे ओठ हलले. पण तेवढ्यात नामदेवकाकांनीच मान खाली घातली.

"बरं," ते म्हणाले. "म्हणा तुम्ही म्हणता तसं."

आबा एकच वाक्य बोलले. "नामदेव, माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस."

घरी आले तर आत्या परसात, पाण्याच्या डोणीपाशी वाकून बसलेली. राखेनं उजवा तळहात घासत होती. चिंच लावून, पुन्हा राख लावून. मी मागून गेले. तिच्या तळहाताच्या खळग्यात बोटाएवढा पिवळा ठसा होता, घामानं आत मुरलेला.

"आत्या, हळद?"

ती दचकली. "आमटीची असंल."

घरात सकाळपासून भगर आणि रताळी. एकादशीला हळदीचा डबा फडताळातून निघतही नाही. हे तिलाही कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, चौदा वर्षांची, माझ्या परीनं सगळं समजून चुकले. मला वाटलं, पडद्यामागं कुणी नव्हतं, समोर अख्खं ताट भरून हळकुंडं होती. इतक्या वर्षांत तिनं एखादं हातात घेऊन बघितलं असेल. नुसतं मुठीत धरलं असेल. मला भडभडून आलं. तिच्याजवळ बसून मी तिचा हात माझ्या हातात घेतला आणि राख चोळू लागले.

"मी कुणाला नाही सांगणार," मी म्हणाले.

तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला. तिच्या हातावर पाणी ओतत राहिले तरी तो रंग काही पुरता जात नव्हता.

त्यानंतर पानगव्हाणमध्ये कुणी नामदेव कासाराकडून बांगडी भरली नाही. बायका दार लावून घेत. न्हाव्यानं दाढी करायचं टाळलं, भावकीनं लग्नाच्या पंगतीत पान मांडलं नाही. एका सकाळी ते टोपली घेऊन शहराकडे निघाले असता काही पोरांनी नाक्यावर गाठलं आणि टोपली शिवेच्या दगडावर आपटली. कितीतरी दिवस तिथल्या धुळीत हिरव्या, लाल काचा चमकत होत्या. जनावरांच्या खुरांना लागतील म्हणून आत्या एक दिवस खराटा घेऊन गेली. वेशीपर्यंत गेली आणि परत आली. "मला तिकडं जाववत नाही," एवढंच म्हणाली. मग मी जाऊन झाडून आले.

नामदेवकाकांनी घर सोडलं त्या दिवशी छकडा आमच्या दारावरून गेला. वर ट्रंका, जातं, पितळेचा हंडा, आणि त्यांची बायको पदरानं तोंड झाकून. आबा झोपाळ्यावर पाठ फिरवून बसले. आत्या दारात उभी होती.

"आक्का, येतो," नामदेवकाका म्हणाले.

आत्यानं तोंड उघडलं. एकदा झोपाळ्याकडे पाहिलं. छकडा पुढे गेला, वळणावरून दिसेनासा झाला, तरी ती दारात तशीच उभी होती.

त्या दिवसापासून तिची ओवी बंद झाली. पीठ गिरणीतून येऊ लागलं.

पावसाळा उलटल्यावर शहराची माणसं आली. पालिकेच्या पाटीवर दुसरी पाटी ठोकली. त्याच दिवशी नाकाही काढला. ते बघायला मात्र आत्या गेली. मी तिला धरून नेलं. दोन मजूर आले आणि त्यांनी बांबू खुंटावरून उपसला, ओढ्यात भिरकावला. पलीकडून एक मालमोटार आली, वेग न कमी करता दगडाजवळून गेली आणि गावात शिरली. कुणी तिला विचारलं नाही की कुणाची, कुठली. आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आसपासचे लोक हळहळले. "आक्काचा जीव होता गावावर," केरबा ताम्हाणे म्हणाले.

शहरानं पानगव्हाण खाल्लं ते भाकरी खाल्ल्यासारखं, कडेकडेनं. तळं बुजवून बाजार झाला. पानमळ्यांची पाटाची पाळी बंद पडली, वेली वाळल्या, मांडवांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. नळ आले, हेही खरं. आबा त्या नळाचं पाणी प्यायले नाहीत. त्यांच्यासाठी आडाचं यायचं. संध्याकाळी ते ओसरीवर बसून कुणी ऐको न ऐको, म्हणायचे, "एका माणसानं घालवलं. एका हळकुंडानं." आत्या त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायची आणि आत जायची. माझं लग्न ठरण्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत शुद्ध नव्हती. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वर करा रे. वर करा." आम्हाला वाटलं उशी उंच करायला सांगतायत. मी उशी उंच करत होते. आत्या मात्र पदर तोंडात कोंबून बाहेर गेली.

लग्नाच्या आधी हिरवा चुडा भरायचा. कासारानं घरी यायची रीत. मी म्हटलं, चौकात नवं दुकान निघालंय, तिथला बोलवू. आत्या म्हणाली, "नाही. पेठेत जायचं. नामदेवभाऊंकडं."

"आत्या! आबांना जाऊन सहा महिने नाही झाले."

"म्हणूनच," ती म्हणाली.

पेठेतलं ते दुकान म्हणजे दोन माणसं बसली की भरणारं. भिंतीला गजांवर बांगड्यांचे पुडे, वाऱ्यानं किणकिणणारे. नामदेवकाकांचे केस पांढरेशुभ्र झाले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, उठले, आणि आपली बसायची गादी आत्याला सरकवली.

"या आक्का. ऐकलं अध्यक्षांचं." जरा थांबून म्हणाले, "दिव्याच्या काचा उपरण्यानं पुसणारा अध्यक्ष पुन्हा नाही होणार."

"ही सुली. लग्न आहे. चुडा भरायचाय."

"मी यायला पाहिजे होतं घरी. रीत आहे."

"तुम्ही आला नसता."

"नसतो आलो," ते हसले. तेच पुढं आलेले दात. "टोपली महाग झालीय हो आता."

मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला, अंगठ्यानं सांधा दाबला आणि एकदम थांबले. हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"मापाची गरज नाही," ते हळू म्हणाले. "वहिनींचा हात आहे हा. जशाच्या तसा. एकदा भरलाय मी."

रस्त्यावरून टांगा गेला. बांगड्या किणकिणल्या. आत्यानं डोळे मिटले, उघडले.

"नामदेवभाऊ, पोरीचा हात सोडा जरा. माझा बघा."

आणि तिनं आपला उजवा हात त्यांच्यापुढं केला, तळवा वर. सुरकुतलेला, मोकळा हात. लहान वयात बांगड्या फुटल्यापासून तो तिनं कुठल्याही कासारापुढं केला नव्हता.

"ते हळकुंड माझं होतं," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढं परसातली डोणी आली, राख आली, तो न जाणारा रंग आला. मी भिंतीला टेकले. नामदेवकाका मात्र आत्याच्या तळव्याकडं शांतपणे बघत होते.

"ठाऊक आहे, आक्का."

"कधीपासून?"

"तुम्ही पडद्यातून बाहेर आलात तेव्हापासून. आम्ही कासार. माणूस समोर आलं की तोंडाआधी हात बघतो."

"आणि गप्प राहिलात?" आत्याचा आवाज फाटला. "तुमची टोपली फोडली. गाव सुटलं तुमचं. पोरांच्या लग्नात कुणी आलं नाही. माझं नाव घेतलं असतंत तर..."

"घेतलं असतं, तर लोकांनी तुम्हाला विचारलं असतं, का म्हणून." ते खाली बघत हिरव्या बांगड्यांचा पुडा सोडू लागले. "ते मला माहीत होतं. दगडापाशी त्या दिवशी मीही होतो की. अध्यक्ष ओसरीवर बसलेले असताना तुम्ही ते गावापुढं सांगितलं असतं का? नसतं. मग मी कशाला तुम्हाला त्या दारात उभं करू?"

"तुमच्या बायकोनं काय पाप केलं होतं?"

"तिला सांगितलं होतं मी. ती म्हणाली, राहू दे."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मला काहीच उमगत नव्हतं. "कुठल्या दिवशी? कुठला दगड?" मी विचारलं.

दोघंही एकमेकांकडं बघू लागले.

"पोरीला सांगितलं नाही अजून?"

"माणिक होता. तिघांना एकाच छपराखाली राहायचं होतं. ती त्याच्या पानात वाढायची रोज. कसं सांगणार?"

"आता नाहीत ते."

आत्या माझ्याकडं वळली. माझे दोन्ही हात तिनं आपल्या मांडीवर घेतले.

"सुले, तुझी आई घरी नाही गेली. दोन दिवस अडली होती. आपल्या दवाखान्यात कंपाउंडर, तो हात जोडून उभा. शहराला निरोप धाडला, तिथनं दवाखान्याची गाडी आली बघ, पांढरी. तुझ्या आईला बैलगाडीत घालून मी नाक्यावर आणली. गाडी पुलापलीकडं थांबलेली. गाडीवाला म्हणे, बांबू वर करा, मी आत येतो आणि उचलून घेतो. नाक्यावरचा पोरगा नवा होता. तो म्हणे, अध्यक्षांचा हुकूम आहे, शहराची गाडी आत घ्यायची नाही. मी म्हटलं, मुडद्या, अध्यक्षांचीच बायको आहे ही! तो रडायला लागला, पण बांबूला हात लावेना. पलीकडचा खाली उतरेना, म्हणे बांबू खाली आहे तोवर आमची हद्द इथवरच. आम्ही तिला उचलून न्यायला बघितलं तर हात लावू देईना, किंचाळायची. माणिककडं माणूस पळवला. तो बिरोबाच्या टेकडीवर, शिवेचे दगड तपासत होता."

नामदेवकाकांनी पुडा खाली ठेवला होता.

"उन्हात नको म्हणून तिला उतरवून शिवेच्या दगडाला टेकवली. बांबूकडं बघत होती ती. म्हणाली, आक्का, एवढंच तर वर करायचंय. मग काही बोलली नाही. हे नामदेवभाऊ पुलावरनं टोपली घेऊन येत होते. सवाष्ण गेली म्हणून ह्यांनी तिथंच हिरवा चुडा भरला."

"हात ऊन होता अजून," नामदेवकाका म्हणाले.

"माणिक आला. त्यानं बघितलं. स्वतःच्या हातानं बांबू वर केला आणि धरून उभा राहिला, दुपारभर, कुणी ये-जा करत नव्हतं तरी. गावाला सांगितलं, घरीच गेली; आणि हुकूम मागं घेतला नाही त्यानं. मागं घेतला असता तर ती कशापायी गेली, हे त्याला स्वतःला सांगावं लागलं असतं. मग त्यानं गाव आणखी घट्ट धरलं. मी समजत होते त्याला. रागावलेही नाही कधी." तिनं माझ्या मनगटावरून, जिथं चुडा यायचा होता तिथून, अंगठा फिरवला. "लोक म्हणाले, हळकुंडानं गाव विकलं. सुले, पडद्यामागं ते ताट पुढं आलं ना, तेव्हा मला गाव दिसत नव्हतं, शहर दिसत नव्हतं, आपल्याला हळद चालत नाही हेही आठवलं नाही. तुझ्या आईचे डोळे दिसत होते. मला वाटलं, माझ्या हातात तो बांबू आलाय, आणि मी तो वर करतेय."